अपयशाचा तास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)

कर्जत आणि खोपोली यांच्या मधल्या पट्ट्यात, एका व्यवस्थापनशास्त्राच्या महाविद्यालयात मी बरीच वर्षं शिकवतो आहे. दरवर्षी पावसाळ्यात नवी तुकडी येते. पहिल्या तासाला मी मुलांना एक साधा प्रश्न विचारतो. बुडालेल्या एखाद्या धंद्याचं नाव सांगा. हात भराभर वर होतात. कोडॅक, नोकिया, किंगफिशर. मी फळ्यावर नावं लिहीत जातो. मग दुसरा प्रश्न विचारतो. आता या वर्गापासून दहा किलोमीटरच्या आत बुडालेला एखादा धंदा सांगा.

आणि वर्ग गप्प होतो.

माहिती नसते असं मुळीच नाही. आमच्याकडची निम्मी मुलं याच दोन तालुक्यांतली. नेरळ, कशेळे, कडाव, चौक, वावोशी अशा गावांतून ती येतात. येता-जाता त्यांना पत्रे उडालेली पोल्ट्रीची शेड दिसते, अवकाळी पावसात कच्च्या विटांचा चिखल झालेली भट्टी दिसते, कुणी कधीच न घेतलेल्या फार्महाऊस प्लॉटांचा गंजलेला फलक दिसतो. पण यातलं एखादं नाव घ्यावं तर ते कुणाच्या तरी काकाचं निघतं. कधी शेजारी बसलेल्या मित्राच्या वडिलांचंच निघतं. म्हणून मुलं खिडकीबाहेर बघतात.

कोडॅकबद्दल बोलायला मात्र कुणालाच संकोच नसतो. त्या कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ साली डिजिटल कॅमेरा तयार केला होता, आणि तीच कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज घेऊन कोर्टात गेली. का? तर 'काळाबरोबर बदलले नाहीत, सर.' उत्तर बरोबर. दहापैकी दहा गुण. पण मी त्यांना सांगतो, की सॅसनचा तो कॅमेरा साडेतीन किलोच्या वर वजनाचा होता, आणि एक काळंपांढरं, धूसर चित्र कॅसेटच्या फितीवर उतरवायला त्याला तेवीस सेकंद लागत. तुम्ही त्या दिवशी त्या खोलीत असता आणि समोर फिल्मचा भरभराटीचा धंदा असता, तर काय सल्ला दिला असता? आता हात वर यायला वेळ लागतो. शेवट ठाऊक असलेली गोष्ट वाचून माणूस शहाणा झाल्यासारखा वाटतो, पण ती पश्चातबुद्धी. पुढच्या निर्णयाच्या वेळी तिचा काही उपयोग होत नाही, कारण पुढच्या गोष्टीचा शेवट कुणी छापून दिलेला नसतो.

तेव्हापासून मी गोष्ट मध्येच थांबवायला लागलो. त्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यातल्या सांगडेवाडीला 'इमॅजिका' हे मोठं मनोरंजन उद्यान आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तिथे मुलाबाळांना नेलं असेल. हे उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं. उभं करणारे मनमोहन शेट्टी हे काही नवखे गृहस्थ नव्हते. फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेपासून सुरुवात करून 'ॲडलॅब्ज'सारखा मोठा उद्योग त्यांनी उभारला होता आणि २००५ साली त्यातला बहुतांश वाटा मोठ्या उद्योगसमूहाला विकला होता. पुढच्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, इथे जलक्रीडा उद्यान आलं. मग मार्च २०१५ मध्ये कंपनीने शेअर विक्रीला काढले. आलेल्या पैशातून मुख्यतः कर्जाचा भार हलका करायचा होता. मागणी थंड होती. किमतीचा पट्टा खाली आणावा लागला, मुदत वाढवावी लागली आणि शेअर अखेर १८० रुपयांना दिला गेला.

इथे मी कागद थांबवतो. मुलांना सांगतो, तारीख मार्च २०१५ आहे असं समजा. पैसे घालणार की नाही, आणि का, ते चिठ्ठीवर लिहा, खाली सही करा, पाकीट बंद करा. दरवर्षी वर्ग साधारण मधोमध फाटतो. मुंबई आणि पुणे दोन्ही हाताशी, द्रुतगती महामार्ग जवळ, मध्यमवर्गाच्या हातात पैसा, हे एका बाजूचं म्हणणं. खालापूरची मुलं मात्र बहुधा पावसाचा मुद्दा काढतात. सह्याद्रीच्या पायथ्याशी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस त्यांनी अंगावर घेतलेला असतो. उघड्यावरचे पाळणे त्या चार महिन्यांत कसे चालणार? रविवारी झुंबड आणि मंगळवारी शुकशुकाट, असा धंदा. व्याजाला मात्र पावसाळ्याची सुट्टी नसते.

पुढचं पान मी नंतर देतो. शेअर बाजारात आला तोच विक्रीच्या किमतीखाली. कर्ज काही आटोक्यात आलं नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे दरवाजे बंद झाले. अखेर २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनीचा ताबा घेतला. शिर्डी आणि लोणावळ्याला जलउद्यानं चालवण्याचा त्यांना अनुभव होता. बँकांनी येण्यापेक्षा बऱ्याच कमी रकमेवर तडजोड केली. त्यानंतर ताळेबंदात नफा दिसू लागला. पाळणे तेच, रस्ता तोच, पाऊसही तोच. मग बुडलं काय होतं? मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, 'सर, पाळणा नाही पडला, हप्ता पडला.' इतकं नेमकं मला पुस्तकात कुठे मिळालं नाही.

पण तिथेच थांबलं तर मुलं असं समजतात, की कर्ज पुसलं म्हणजे सगळं गोड झालं. म्हणून दोन गोष्टी आणखी दाखवाव्या लागतात. एक, पहिल्या वर्षीच्या त्या घसघशीत नफ्यात माफ झालेल्या कर्जाचा मोठा हिस्सा होता. कागदावरचा नफा आणि गल्ल्यातला पैसा यांतला फरक ज्याला तिथे दिसला नाही, त्याने हिशेबाचा पेपर पुन्हा द्यावा. दुसरी, बँकांनी सोडलेला पैसा ठेवीदारांच्या ठेवींवर चालणाऱ्या धंद्यातून गेला, आणि १८० रुपयांना शेअर घेतलेला गृहस्थ त्या तडजोडीच्या टेबलावर नव्हताच. शेवटी आम्ही पाकिटं उघडतो. ज्यांनी 'नाही' लिहिलेलं असतं ते खूश होतात. मग मी त्यांची कारणं मोठ्याने वाचतो. एकाने लिहिलं होतं, 'मला उंचीची भीती वाटते.' उत्तर बरोबर आलं म्हणून विचार बरोबर होता असं नाही, हे त्या चिठ्ठीने जितकं पटलं तितकं माझ्या व्याख्यानाने पटलं नसतं.

असा तास छान रंगतो, आणि कित्येक वर्षं मला वाटत होतं, की आपण मुलांना अपयशातून शिकायला शिकवतो आहोत.

मग ऑगस्ट २०२३ आला. चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांचा एन. डी. स्टुडिओ आहे, २००५ पासूनचा. 'लगान', 'देवदास'सारख्या चित्रपटांच्या कलादिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा माणूस. 'जोधा अकबर'चे भव्य सेट इथेच उभे राहिले. आमची मुलं दोन-तीनदा तिथे अभ्यासभेटीला जाऊन आली होती. कंपनीचं अडीचशे कोटी रुपयांच्या आसपासचं कर्ज थकलं होतं, दिवाळखोरीची प्रक्रिया नुकतीच सुरू झाली होती. २ ऑगस्टला देसाईंनी त्याच स्टुडिओत आपलं आयुष्य संपवलं. त्यामागे काय काय होतं याचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही, आणि मी तो करणार नाही. पुढे स्टुडिओ राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला. वास्तू राहिली. दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तेव्हा भांडवलाची रचना, रोखतेचा प्रवाह, यातला एकही शब्द मला उच्चारता येईना. पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, 'सर, आपण आकड्यांचं शिकतो. पण ज्याचं बुडतं त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं, हे कुठे शिकवतात?'

मी सांगितलं, बघू. दुसरं काय सांगणार?

आपल्या भाषेतच बघा. 'दिवाळं' हा शब्द कसा आला याची एक गोष्ट जुने लोक सांगतात. धंदा बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि निघून जाई. येणाऱ्याने समजायचं ते समजायचं. खरी असो वा रचलेली, त्या गोष्टीत माणूस बोलत नाही, आपल्या जागी दिवा ठेवतो. बोलण्याची सोय आजही फारशी नाही. कंपनी असली तर भागधारकाची जबाबदारी मर्यादित. पण कंपनीसाठी वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने डिसेंबर २०१९ पासून आपल्या कक्षेत आणलं. आमच्या तालुक्यातल्या पोल्ट्रीवाल्याची किंवा भट्टीवाल्याची कंपनीच नसते. त्याचं कर्ज त्याच्या नावावर, तारण वडिलोपार्जित जमीन, जामीन भाऊ नाहीतर मेहुणा. त्याच्यासाठी इंग्रजांच्या काळातला, १९२० चा नादारीचा कायदा. तो वापरायला कुणी जात असेल असं मला तरी दिसलेलं नाही.

याच डोंगरात दुसरीही एक रीत होऊन गेली आहे. कर्जतवरून खंडाळ्याला चढणारा बोर घाटाचा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला आणि १८६७ च्या पावसाळ्यात त्यावरचा एक मोठा दगडी पूल कोसळला. रेल्वेने चौकशी केली, चुन्या-दगडाच्या कामाचा दर्जा तपासला गेला. पूल पडला तर चौकशी होते, दुकान बसलं तर कुजबूज होते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, उत्साहाच्या भरात, मी एका विद्यार्थिनीला भर वर्गात विचारलं होतं, 'तुझ्या वडिलांचं दुकान का बंद पडलं, सांग बघू.' ती उभी राहिली, काहीच बोलली नाही, आणि पुढचे दोन आठवडे आली नाही. परत आली तेव्हा शेवटच्या बाकावर बसली ती वर्ष संपेपर्यंत. 'अपयश साजरं करा' अशी जी घोषणा अलीकडे व्यवस्थापनाच्या वर्गांतून ऐकू येते, तिच्याबद्दल मला शंका आहे ती तेव्हापासून. मंचावर उभं राहून 'मी तीनदा आपटलो' सांगणारे सगळे चौथ्यांदा जिंकलेले असतात. जो अजून हप्ते फेडतो आहे त्याला कुणी मंचावर बोलावत नाही.

तर २०२४ च्या सुरुवातीला असा एक माणूस आमच्या वर्गात आला. त्यांचा मुलगा आमच्याकडेच शिकत होता. प्रवेश अर्जात वडिलांचा व्यवसाय या रकान्यात त्याने 'शेती' लिहिलं होतं. मी त्याला एकट्याला गाठून, न आवडल्यास सरळ नाही म्हण, असं सांगून विचारलं. तो नाही म्हणाला. महिन्याभराने स्वतःच आला. 'सर, बाबांना विचारलं. येतो म्हणाले.'

पन्नाशीचा, हडकुळा गृहस्थ. पांढरा शर्ट, हातात खताच्या दुकानाची पिशवी, पिशवीत लॉटच्या वह्या. मुलांना मी आधीच कागद वाटला होता. तारीख ५ मार्च २०२०. तुमच्या शेडमध्ये चार हजार ब्रॉयलर पक्षी आहेत, वय छत्तीस दिवस, वजन सरासरी दोन किलोच्या जवळ. किलोमागे खर्च सत्तर रुपये झाला आहे. कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा फेब्रुवारीपासून मोबाईलवर फिरते आहे आणि दर घसरत चालला आहे. व्यापारी आज अठ्ठावीस रुपये द्यायला तयार आहे. पक्षी दिवसाला तेरा-चौदा पोती खाद्य खातात, म्हणजे वीस-बावीस हजार रुपये. पाच दिवसांनी धुळवड. काय करणार?

कोकणात शिमग्याला कोंबडीचा खप किती असतो हे श्रोत्यांना सांगायला नको. तरी निम्म्याहून अधिक वर्गाने 'आज विका' असं लिहिलं. कारण उघड होतं. पुढे काय झालं हे त्यांना ठाऊक होतं. माझी नेहमीची युक्ती इथे चालली नाही. २०२० सगळ्यांनीच भोगलेलं.

'काका, तुम्ही काय केलंत?' एकाने विचारलं.

'थांबलो,' ते म्हणाले. 'धुळवडीला कोंबडी नाय विकायची तं कधी विकायची?'

धुळवडीला लोक मटणाच्या दुकानापुढे रांगा लावून उभे राहिले. व्यापाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. चव्वेचाळिसाव्या दिवशी यांनी अर्धे पक्षी नऊ रुपयांनी दिले आणि उरलेले आसपासच्या वाड्यांवर वाटले. 'फुकट दिल्यावर अफवा कोनाला आठवली नाय,' असं म्हणून ते हसले, तेव्हा वर्गही हसला. मग टाळेबंदी आली. पुढे दर वर आला, तेव्हा नवी पिल्लं टाकायला यांच्याकडे पैसे नव्हते. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि नव्या शेडचे पत्रे उडाले.

मुलांनी लगेच निकाल दिला. पाच तारखेला विकायला हवे होते. शेजारच्या गावातल्या एकाने विकलेही होते, हे त्यांनीच सांगितलं. लोक त्याला हुशार म्हणतात. 'त्याची पोरगी लग्नाची होती, मांडववाल्याला पैसे द्यायचे होते. त्याला अक्कल नव्हती, अडचण होती. तसाच दर चढला असता तं लोक मला हुशार बोलले असते.'

'मग तुमची चूक कोणती?'

त्यांनी पिशवीतून आधीच्या वर्षाची वही काढली. पूर्वी ते कंपनीच्या करारावर पक्षी वाढवत. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, शेड आणि मेहनत यांची, वाढवणुकीचे पैसे किलोवर. दर पडला तर तोटा कंपनीचा. मिळकत बेताची, पण झोप लागायची. मग स्वतःच्या हिमतीवर त्यांनी तीन लॉट काढले. तिन्हींना चांगला दर मिळाला. करार सोडला, कर्ज काढून दुसरी शेड बांधली, जमीन तारण ठेवली, मेहुण्याला जामीन घेतलं. 'तीन लॉट बाजाराने काढून दिले, आन् मी समजलो माझा हातगुण. पाच मार्चला चुकलो नाय मी. चुकलो त्या आधीच्या दिवाळीला, फायदा झाला तवा.'

मी इतकी वर्षं मुलांना तोट्याच्या वह्या तपासायला सांगत होतो. नफ्याचीही तशीच उलटतपासणी करायची असते, हे माझ्या टिपणांत नव्हतं. आता आहे.

शेवटी पहिल्या बाकावरच्या त्याच मुलीने विचारलं, 'काका, घरी कधी सांगितलंत?'

ते थोडा वेळ वहीची पानं चाळत राहिले. बायकोला दोन महिन्यांनी सांगितलं, म्हणाले. मेहुण्याला सांगितलंच नाही. त्याला बँकेच्या नोटिशीवरून कळलं. 'पक्षी गेले, पत्रे गेले, ते परवडलं. पन नोटीस जायच्या आधी मी त्याच्या घरी जायाला पायजे होतो. सायकलवर गेलो असतो तरी अर्धा तास. हिची दोन वर्षं भाऊबीज झाली नाय.'

तिसऱ्या बाकावर मुलगा मान खाली घालून बसला होता. आई दोन दिवाळ्या माहेरी का गेली नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं, असं त्याने मला नंतर सांगितलं.

तेव्हापासून आमच्या अभ्यासक्रमात एक प्रकल्प आहे. मुलांनी कर्जत किंवा खालापूर तालुक्यातल्या एका बंद पडलेल्या धंद्याची कहाणी लिहायची. मालकाच्या संमतीने, नाव-गाव न देता, आणि लिहिलेलं आधी त्याला वाचून दाखवून. कहाणी निर्णयाच्या दिवशी थांबवायची, शेवट वेगळ्या पानावर. त्यात एक रकाना मी मुद्दाम ठेवला आहे. वाईट बातमी कुणाला, किती दिवसांनी सांगितली. पहिल्या वर्षी बरेच जण रिकाम्या हाताने परतले, लोकांनी दारातूनच वाटेला लावलं. दुसऱ्या वर्षी वीटभट्टी आली, एक खानावळ आली, एक मिनीडोर आली. गुण कसे द्यायचे हे मला अजून नीट जमलेलं नाही. दाराशी तीनदा जाऊन परत आलेल्या मुलाला किती द्यायचे?

ते गृहस्थ त्या दिवशी निघाले तेव्हा मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. जुन्या शेडमध्ये आता पाचशे गावठी पक्षी आहेत, म्हणाले. बँकेचे काही हप्ते राहिले आहेत. मोटरसायकलला पिशवी अडकवता अडकवता त्यांनी विचारलं, 'सर, पुढल्या वर्षी परत बोलावनार काय? तवर हा लॉट निघंल. फायदा झाला तरी वही आनतो.'